विनी मेमसाबचा नाचाचा पोशाख

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या शाळेच्या हॉलमागे एक लांबट खोली आहे. एरवी तिथे कॅरमबोर्ड आणि पाय मोडलेल्या खुर्च्या असतात, गॅदरिंगच्या दिवशी ती ग्रीनरूम होते. परवा मी तिथे नातीच्या मागे उभी राहून तिच्या पाठीवरचे हुक लावत होते. जाळीचा घेरदार, पांढरा बॅलेचा झगा, कमरेशी घट्ट.

"दादी, इट्स टू टाइट," झोया कुरकुरली.

"श्वास आत घे."

तिने श्वास घेतला, आणि नव्या जाळीचा, पावडरचा, घामेजलेल्या पोरींचा एक मिसळलेला वास माझ्या नाकाशी आला. बाहेर कुणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो" करत होतं. झोयाचे खांदे थरथरत होते. पहिलाच कार्यक्रम. तिला धीर द्यायचा सोडून मी तशीच उभी राहिले, हुक बोटात धरून. कारण नाचाच्या पोशाखाला येणारा तो घाबरलेल्या अंगाचा वास मी याआधी एकदाच घेतला होता, आणि तेव्हा मी दहा वर्षांची होते.

दुबई तेव्हा खाडीच्या दोन काठांवर मावत होती. आम्ही बर दुबईत, कापडबाजाराच्या मागच्या बोळात, खजुराच्या झावळ्यांच्या घरात राहायचो. अम्मी, मी आणि मामू. मामूचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. अम्मी घरी बसून अरब बायकांचे कंदुरे, म्हणजे पायघोळ झगे, आणि आत घालायच्या सिरवाल, म्हणजे विजारी, शिवायची. सकाळी गाढवावरून पाण्याचे डबे यायचे. पाणीवाल्याच्या घंटेपाठोपाठ मशिनचं चाक फिरायला लागायचं. सप्टेंबरात हवा इतकी ओली असायची की एका दिवसात सुईला गंज धरायचा. अम्मी ती केसांत घासून पुन्हा लावायची. घरभर नव्या कापडाची खळ, सुक्या बांगड्याचा वास, आणि शेजारच्या उम्म सईदकडून येणारा वेलचीच्या कॉफीचा दरवळ. उम्म सईदच्या तोंडावरच्या बुर्क्याचा, त्या कडक कापडी मुखवट्याचा, निळा रंग घामाने गालांवर उतरायचा, आणि हसली की ते निळे गाल बुर्क्याखालून डोकावायचे.

माझे बाबा, इब्राहिम, स्टीमरवर तेलवाला होते. इंजिनाच्या सांध्यांना तेल घालायचं काम. त्यांची बोट मुंबईहून कराचीवरून इकडे यायची, साधारण दर पंधरवड्याला, आणि लांब समुद्रात उभी राहायची. तिथून लहान होडीने बाबा खाडीत यायचे. हात कितीही धुतले तरी नखांत काळी रेघ. एक दिवस राहायचे, अम्मीच्या हातचं आमसुलाचं तिवळ प्यायचे, बोटीवरच्या गमती सांगायचे. इंजिनखोलीत अजून एक इब्राहिम होता, तोही तेलवाला, आमच्याच रत्नागिरीकडचा, नवीन लग्न झालेला. "आमचा मुकादम, सारंग, हाक मारतो इब्राहिम, आणि आम्ही दोघं धावतो," बाबा सांगायचे. "म्हणून आता तो धाकटा, मी थोरला." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या होडीत पाठमोरे.

मग पासष्ट साली रेडिओवर लढाई आली. कोण कुणाशी आणि कशासाठी, हे मला कुणी सांगितलं नाही. मला कळलं ते एवढंच, की मामूच्या शेजारच्या दुकानातले कराचीवाले दर्जीचाचा, ज्यांच्याबरोबर मामू रोज एका किटलीतला चहा प्यायचा, ते आता स्वतःची वेगळी किटली मागवायला लागले. दोघांच्या दुकानांत दोन रेडिओ, दोन स्टेशनं, दोन्ही आवाज बारीक. एकमेकांना ऐकू जाऊ नये म्हणून. आणि बोट आली नाही. मुंबईहून निघाली होती, एवढं ठाऊक होतं.

अम्मी रडली नाही. तिने फक्त बोलणं कमी केलं आणि मशिन चालवणं वाढवलं. दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ती बुरखा घेऊन मला म्हणायची, "चल." आम्ही खाडीकाठच्या एका घरी जायचो, त्याच्या छतावर वारा खाली ओढणारा मनोरा होता. तिथे विनी मेमसाब राहायची.

विनी मेमसाब तेव्हा सत्तरीला टेकलेली, उंच, सुकलेल्या काठीसारखी इंग्रज बाई. नवरा मुंबईच्या गिरणीत होता, तो वारला, आणि ती भाच्याकडे येऊन राहिली होती. मुंबईत तीस वर्षं काढल्यामुळे बाजारहिंदी फडाफडा बोलायची. अम्मीने तिचे पडदे शिवले होते. भाचा बोटींच्या एजंटच्या ऑफिसात, म्हणून आम्ही जायचो. अम्मी दारातच विचारायची, "मेमसाब, कुछ खबर?" मेमसाब मान हलवायची. आम्ही परत.

चौथ्या दिवशी तिने मान हलवली, पण आम्हाला जाऊ दिलं नाही. "बैठो," म्हणाली. "तुझे हात रिकामे दिसतात. मला एक काम करून दे."

तिने पेटी उघडली. कापूर आणि जुन्या कागदाचा वास आला, आणि त्याखालून अजून एक, आंबूस, माणसाचा. मलमलीत गुंडाळलेला एक पोशाख तिने गादीवर पसरला. आखूड, मण्यांनी मढवलेली चोळी, तिला जोडलेला कमरेचा जरीपट्टा, आणि खाली पारदर्शक कापडाचे घोळदार पायजमे. रंग कधीकाळी लाल असावा, आता कोऱ्या चहासारखा. काखेपासून कमरेपर्यंत कापड फाटलेलं. शिवण उसवलेली नव्हती, कापडच टरकावलेलं होतं.

अम्मीने पायजमा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "मेमसाब, ही सिरवाल कुणी बेतली? दोन पायांमधे कळीच नाय, जादा तुकडाच नाय. बसली तर फाटेल."

"बसायचं नव्हतं," मेमसाब म्हणाली. "नाचायचं होतं."

आणि मग तिने सांगितलं. ती बॅले नाचायची, लंडनच्या एका थिएटरात, पहिल्या मोठ्या लढाईच्या वर्षांत. राजवाड्यातल्या पूर्वेकडच्या बायका असा एक नाच होता, त्यात सोळा जणींच्या रांगेत ती चौथी. पूर्वेकडची बाई त्या सोळांपैकी एकीनेही पाहिली नव्हती, आणि पोशाख करणाऱ्यानेही. कापड मिळत नव्हतं, जाळी आणि मलमल सगळी इस्पितळांत पट्ट्यांसाठी जायची, म्हणून हे पायजमे खिडक्यांच्या पडद्यांचे. चांगले रंग शत्रूच्या मुलखातून यायचे, ते बंद झाले. मग मिळेल त्या रंगात, बादलीत बुडवून. घामाने तो अंगावर उतरायचा. "घरी गेलं की मांड्या लाल," ती म्हणाली, "आई किंचाळायची, मला वाटलं रक्त आहे!" रस्त्यावरच्या बायकांचे झगेसुद्धा त्या वर्षांत आखूड आणि घेरदार झाले होते, आम्हा नाचणाऱ्यांसारखे, असं ती अभिमानाने सांगायची. कामावर जायचं, ट्राममध्ये चढायचं, कोण लांब झगे सांभाळणार?

तिने साटिनचे बूटही दाखवले. टोकांवर दोऱ्याचं घट्ट जाळं विणलेलं. नवे बूट मिळेनात, तेव्हा मुली रोज टोकं रफू करायच्या. अम्मीने त्यावरून अंगठा फिरवला. "हात चांगला होता तुमचा," ती म्हणाली. एका शिवणाऱ्या बाईने दुसरीला द्यावी तशी ती दाद होती.

चोळीच्या अस्तरात शाईने नावं लिहिलेली होती. पोशाख थिएटरचा, ज्या मुलीला मिळेल तिचं नाव. मी इंग्रजी अक्षरं जुळवून वाचली. तीन नावं खोडलेली, चौथं 'विनी'. तिसरं होतं 'डॉली'. डॉली रांगेत त्याच जागी तिच्या आधी नाचायची. ती आता तिकडे विलायतेत, अंथरुणाला खिळलेली, आणि तिने पत्रात विचारलं होतं, तो लाल पोशाख अजून आहे का ग? मेमसाब हिवाळ्यात परत जाणार होती. "तिला फाटका कसा दाखवू?"

"फाटला कसा?" अम्मीने विचारलं.

मेमसाब बूट पुन्हा मलमलीत गुंडाळायला लागली. खाडीवरून अब्र्यांचे, माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्यांचे, आवाज येत होते.

तिचा धाकटा भाऊ लढाईवर होता. थिएटर रोज भरायचं. सुटीवर आलेले शिपाई, कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणाच्या डोळ्याला पट्टी. आकाशातून विडीच्या आकाराची प्रचंड जहाजं यायची, बॉम्ब टाकायची, तरी पडदा वर जायचा. मुली विंगेत उभ्या राहून वर्तमानपत्रात मेलेल्यांची यादी वाचायच्या आणि वाद्यं सुरू झाली की हसत आत जायच्या. हसणं नाचाचाच भाग होता. एका संध्याकाळी तिच्या नावाची तार थिएटरवर आली. कपडेपटाच्या बाईने ती घेतली, आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली. रांगेतली एक मुलगी कमी झाली तर नाच कसा व्हायचा? पडदा पडल्यावर देऊ, असं तिने ठरवलं.

"दोन अंक," मेमसाबने दोन बोटं वर केली. "दोन अंक मी हसून नाचले. तिला माहीत होतं, मला नव्हतं. मग तिने तार दिली. मी हुक काढले नाहीत. अंगावरून तो असा ओढला."

तिने हवेत हात खाली ओढला. अम्मीने पोशाख घडी घालून पिशवीत ठेवला.

मामूपासून ते लपवावं लागलं. मामू वाईट नव्हता, पण नाचणारीचे कपडे घरात हे त्याला चाललं नसतं, आणि अशा दिवसांत तर नाहीच. मामू दुकान उघडायला गेला की अम्मी पोशाख काढायची, तो यायच्या वेळेला पेटीत घालायची. फाटलेल्या कडा जुळवायला तिने आतून बारीक रेशमी पट्टी लावली. जरीपट्टा काळा पडला होता. त्याच्या जोडीला उम्म सईदने उशी पुढ्यात घेऊन चांदीच्या तारेची वीतभर पट्टी, इकडची तल्ली, विणून दिली, आणि कशासाठी म्हणून विचारलं नाही.

अशा एका दुपारी आमच्या बोळात विनी मेमसाब आली. ती यापूर्वी कधी आमच्याकडे आली नव्हती. डोक्याला टोपी नाही, चेहरा लालबुंद, पायात घरातल्या चपला. चटईवर बसली, नीट बसताही येईना तिला. अम्मीने मशिन थांबवलं.

"तार आली," मेमसाब म्हणाली. "आत्ता, तासाभरापूर्वी. भाचा म्हणाला, पूर्ण कळेपर्यंत थांब. मी थांबले नाही."

बोट कराचीत अडकली होती. माणसं उतरवून कुठेतरी ठेवली होती. त्यांतला एक तापाने गेला होता. तारेत एवढंच होतं: इब्राहिम, तेलवाला.

उम्म सईदच्या अंगणात कुणीतरी कॉफी कुटत होतं, तो पितळी ठोका मला अजून ऐकू येतो. अम्मीने विचारलं, "बापाचं नाव?"

"नाही दिलं."

"बोटीवर दोन हायेत," अम्मी म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "इब्राहिम दोन हायेत, मेमसाब."

"मी दुसरी तार करायला लावली आहे. इन्शाल्ला," मेमसाब म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडी विचित्र वाटला, पण दुसरा नव्हता.

उत्तर यायला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांबद्दल मी कुणाशी फारशी बोललेले नाही. अम्मी पाच वेळा जानमाज अंथरायची. नमाज व्हायची, मग दुवेसाठी हात उघडायचे, आणि ती तशीच बसायची. ओठ हलायचे नाहीत. एकदा मी विचारलं, "अम्मी, बाबांसाठी माग ना." ती म्हणाली, "मागू कसा? माझा वाचव म्हणजे त्या धाकट्याच्या बायकोचा ने, असाच होतो ना तो." मला तेव्हा नीट कळलं नाही. पण रात्री निजताना मी गुपचूप धाकट्या इब्राहिमचं मरण मागितलं, एकदा नाही, रोज. आज सत्तरी आली तरी ते आठवलं की मला पाणी प्यावं लागतं.

मामूला सांगावंच लागलं. तो दुकान बंद करून घरी बसायला लागला, आणि मग पोशाख त्याच्या नजरेला पडला.

"भावजीचा पत्ता नाय, आणि तू नाचवालीचे कपडे शिवतेस?" तो ओरडला. "लोक काय म्हणतील?"

"हात थांबले तर मी वेडी होईन," अम्मी म्हणाली. "लोकांना सांग, वेडी बरी का शिवणारी बरी."

मामू चपला घालून बाहेर गेला.

पाचव्या-सहाव्या दिवशी अम्मीचे हात खरंच थांबले. मेमसाब रोज यायची, त्या दिवशीही आली, आणि पाहते तर अम्मी सुई धरून नुसती बसलेली. मेमसाबने पोशाख तिच्या मांडीवरून उचलला आणि आपल्या ब्लाउजवरच ती चोळी चढवली. हुक मी लावले. तिच्या पाठीचे मणके बोटांना लागले, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा तो घाम तिच्या अंगच्या उबेने जागा होऊन नाकात शिरला. मग ती आमच्या झावळ्यांच्या खोलीत, चटईच्या मधोमध उभी राहिली.

पाय तिचे उचलत नव्हते. टाचा जेमतेम वर गेल्या, परत आल्या. पण हात! ते खांद्यापासून असे उठले की जणू त्यांना वजनच नव्हतं. मनगट आधी, बोटं मागाहून. ती नाकातून कसलीशी चाल गुणगुणत होती आणि मान एका बाजूला कलवून हसत होती, सोळा जणींच्या रांगेतलं ते ठरलेलं हसू. झावळ्यांमधून उन्हाच्या बारीक रेघा तिच्या मण्यांवर पडत होत्या. हसताना तिचे डोळे वाहत होते, आणि तिने ते पुसले नाहीत, कारण हात नाचात होते. अम्मी एकटक बघत होती. शेवटी तिचा बांध फुटला. ती पदर तोंडात कोंबून, पुढेमागे झुलत रडली, आणि मेमसाब नाचायची थांबली नाही.

मी वळून पाहिलं तर दारात मामू. मला वाटलं, आता काही खरं नाही. तो उभा राहिला. नाच संपेपर्यंत उभा राहिला. मग आत येऊन, मान खाली घालून, मेमसाबच्या काखेतल्या शिवणीकडे पाहत म्हणाला, "इथं ताण येतो. हात वर गेला की ओढतो. दे, मी आतून जोड लावतो."

त्या संध्याकाळी बहीणभाऊ एकाच कंदिलाशी बसून शिवत होते.

नवव्या दिवशी मेमसाबचा भाचा स्वतः आला. हातात कागद. त्याने बाबांचं नाव वाचलं, मग आजोबांचं नाव वाचलं, मग इंग्रजीत म्हणाला की हा जिवंत आहे, बरा आहे. मी किंचाळले. मामू जमिनीवर बसला. अम्मी आत गेली आणि तिला उलटी झाली. बाहेर आल्यावर तिने भाच्याला एकच विचारलं, "दुसऱ्याच्या घरी कळवलं काय?" त्याला माहीत नव्हतं.

पोशाख त्यानंतर दोन दिवसांत पुरा झाला. दर्जीचाचांनी मामूकडे चहाची किटली पाठवली, ती मामूने घेतली. मेमसाब हिवाळ्याच्या तोंडाशी गेली. पुढे तिचं एक पत्र आलं. डॉलीने पोशाख पाहिला, अंगाशी धरला, आणि विचारलं की ही चांदीची पट्टी तेव्हा होती का ग? मेमसाबने होती म्हणून सांगितलं. बाबा बऱ्याच महिन्यांनी आले, वाळलेले, कान जरा मंद झालेले. धाकट्याबद्दल एकदाच बोलले. "शेवटी माझा हात धरून होता," म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

परवा झोया नाचली, बरी नाचली. एकदा चुकली, पण हसत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या हसण्याने धस्स झालं. ती विंगेत येताच मी तिला जवळ ओढलं. "दादी, व्हॉट हॅपन्ड? यू आर क्राइंग," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर मी तिला हे सगळं सांगायला सुरुवात केली. मेमसाबपर्यंत आले आणि ती पेंगली. तिला सांगायचं राहिलं त्यातलं शेवटचं हे.

बाबा परत आल्याच्या पुढच्या वर्षी आम्ही रत्नागिरीकडे गावी गेलो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी अम्मीने मला घेतलं, होडीने तिथली खाडी ओलांडली, आणि विचारत विचारत धाकट्या इब्राहिमच्या घरी गेली. त्याची बायको अंगणात आमसुलं वाळत घालत होती. अगदी पोरसवदा, हात कोपरापर्यंत लाल. अम्मीने आपण कोण ते सांगितलं. ती आत जाऊन पाणी घेऊन आली.

अम्मीने पाणी प्यायलं नाही. "बाय," ती म्हणाली, "आमच्याकडं नाव आलं तेव्हा मला वाटला माझाच गेला. नऊ दिवस. तुला सांगायला आले."

ती मुलगी हाताचा लाल रंग चोळत बसली. "मला तर चाळीस दिवस कुणी कळवलाच नाय," ती म्हणाली. "मी समजत होते, त्याच्यासाठी कुणी रडलापण नसेल तेव्हा." मग तिने वर पाहिलं. "तुम्ही रडलात?"

"रडले." अम्मी खोटं बोलू शकली असती. "पण बाय, मी माझ्या माणसासाठी रडले. तुझ्यासाठी नाय."

"चालेल," ती म्हणाली. "नाव तर तेच होता ना."

खाली धक्क्यावरून शेवटच्या होडीवाल्याने हाक मारली, दोनदा, तीनदा. अम्मी उठली नाही.